वरचें गांव, खालचें गांव



अर्धापुराहून नांदेडास जाणाऱ्या रस्त्यावर आसना नदीचा पूल लागतो. मोटारींतून जाणाऱ्या माणसाला तो ओलांडावयास अर्धें मिनिटही लागत नाहीं. पावसाळ्याचे दिवस असले तर कोणी खिडकींतून मान बाहेर काढून 'पाणी किती आलें आहे' एवढें पाहतो. उन्हाळ्यांत तेंही कोणी पाहत नाहीं. परंतु हें पाणी येथें आलें कोठून, आणि पुलाखालून पुढें गेल्यावर तें कोणाच्या घागरींत पडणार आहे, हे दोन प्रश्न विचारणारा माणूस क्वचितच भेटतो. आजच्या भाषणांत या दोन प्रश्नांचा इतिहासाच्या आधारें विचार करण्याचें मीं योजिलें आहे. पहिल्या प्रश्नाकडे माणसानें पूर्वींपासून लक्ष पुरविलें, कारण त्यांत त्याचा स्वार्थ होता. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र त्यानें जवळजवळ नेहमींच पाठ फिरविली, आणि त्याचें मोल कोणाला तरी मोजावें लागलें.

प्रथम पाणलोट म्हणजे काय तें पाहूं. शाळेंत शिकवीत असतांना मी मुलांना एक साधा प्रयोग करून दाखवीत असें. एक जाडसर कागद हातांत चुरगळावा, अर्धवट उलगडून टेबलावर ठेवावा, त्याच्या उंच राहिलेल्या घड्यांवर शाईची रेघ ओढावी आणि वरून पाण्याचे थेंब शिंपडावे. पाणी घड्यांच्या दोन्ही अंगांनीं उतरतें, खोलगट जागीं एकत्र होतें आणि शेवटीं तळाशीं त्याचें डबकें सांचतें. रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे अगदीं शेजारीं पडलेले दोन थेंब वेगवेगळ्या डबक्यांत जाऊन पडतात. ती उंच रेघ म्हणजे जलविभाजक. आणि तिच्या एका अंगाचें सारें पाणी ज्या एका मुखाकडे धांव घेतें, तेवढें क्षेत्र म्हणजे त्या ओढ्याचा किंवा नदीचा पाणलोट. मुलांच्या ध्यानांत आणखी एक गोष्ट न सांगतां येत असे. खालचें डबकें निळें झालेलें असे. शाई वर कोठें लागली होती हें न पाहतांही तळाचें पाणी तें सांगून टाकी.

आतां हाच कागद आपल्या भूमीवर पसरूं. अर्धापूरच्या उत्तरेस कळमनुरी-हदगांवच्या बाजूला जे उंच माळ आहेत, त्यांच्यावर कोठें तरी अशीच एक रेघ आहे. तिच्या दक्षिणेस पडलेला थेंब आसनेंत येतो, नांदेडच्या खालीं गोदावरीस मिळतो आणि धर्माबादेवरून तेलंगणांत जातो. उत्तरेस पडलेला थेंब कयाधूंत उतरतो. कयाधू त्याला पैनगंगेच्या हवालीं करते, पैनगंगा वर्धेच्या, आणि वर्धा वैनगंगेस मिळून झालेल्या प्राणहितेच्या. गडचिरोली जिल्ह्यांत सिरोंचापाशीं प्राणहिता गोदावरीस मिळते. वीतभर अंतरावर पडलेल्या दोन थेंबांची गांठ पडावयास अशी शेंकडों मैलांची वाट चालावी लागते! त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीपासून पूर्वसमुद्रापर्यंत १,४६५ किलोमीटर लांबीची गोदावरी आणि तिचें सुमारें ३ लक्ष १२ हजार चौरस किलोमीटरांचें खोरें अशा असंख्य लहानमोठ्या पाणलोटांनीं बनलेलें आहे.

मात्र आमच्या तालुक्यांत माणसानें निसर्गाची ही रेघ ओलांडली आहे. पैनगंगेवर इसापूर येथें धरण बांधून त्याचें पाणी कालव्यानें जलविभाजकापलीकडे आणण्यांत आलें. ज्या केळीसाठीं अर्धापूरचें नांव दूरवर झालें आहे, ते केळीचे मळे आज बव्हंशीं त्या पाण्यावर पोसले जातात. टंचाईच्या दिवसांत हेंच पाणी आसनेंत सोडलें म्हणजे सांगवीच्या बंधाऱ्यांतून नांदेड शहराच्या एका भागाची तहान भागते. दूर सिरोंचास भेटावयाचे ते दोन थेंब अर्धापूरच्या शिवारांतच एकमेकांस भेटतात. हा लाभ मोठा आहे. परंतु त्याबरोबर आलेल्या जबाबदारीचा विचार आपण फारसा केलेला नाहीं. त्याकडे मी शेवटीं वळणार आहें.

पाऊस पडल्यावर पाणलोट काय करतो? जमिनीवर गवत असेल, बांध शाबूत असतील, झाडांच्या मुळांनीं माती धरून ठेवली असेल, तर पाण्याचा वेग मोडतो. मग कांहीं पाणी मातींत मुरतें, मुरमांतून खालीं झिरपतें, आमच्या काळ्या कातळाच्या भेगांतून विहिरींस जाऊन मिळतें, आणि पाऊस सरल्यावर कित्येक महिने झऱ्यांच्या रूपानें नदीला थोडें थोडें परत मिळत राहतें. माळ उघडा बोडका असेल तर तेंच पाणी घटकाभरांत माती घेऊन धांवत सुटतें. आज पूर आणि उद्यां कोरडें पात्र अशी स्थिति होते. येथें एक हिशेब सांगतों. एका एकरावर एक इंच पाऊस पडला, तर तें पाणी एक लक्ष लिटरांहून कांहींसें अधिकच भरतें. १२ एप्रिल १९१६ नव्हे, तर आपणां सर्वांच्या आठवणींतल्या १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून लातुरास पाण्याची पहिली आगगाडी आली. कृष्णेच्या खोऱ्यांतून गोदावरीच्या खोऱ्यांत रुळांवरून आलेलें तें पाणी होतें सुमारें ५ लक्ष लिटर. म्हणजे पांच एकरांच्या एका शेतावर पडणाऱ्या एक इंच पावसाएवढें! लातूरच्या माळांवरून दरसाल असें किती पाणी न थांबतां निघून जात असेल, याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा.

पाणलोटाकडे दुर्लक्ष केल्याचें सर्वांत दारुण उदाहरण आमच्या मराठवाड्याच्या जुन्या राजधानीचें आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता, म्हणून तें आपल्याही इतिहासांतलें मानावयास हरकत नाहीं. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसी नदीला महापूर आला आणि सुमारें पंधरा हजार माणसें त्यांत बुडालीं. नदी शहरांतून वाहत होती, परंतु संकट शहरांत जन्मलें नव्हतें. वर मुसीच्या पाणलोटांत शेंकडों लहानमोठे तलाव होते. अतिवृष्टीनें वरचा तलाव फुटला कीं त्याचा लोंढा खालच्या तलावावर आदळे, तो फुटला कीं दोहोंचें पाणी तिसऱ्यावर. आणि अशा रीतीनें फुटत आलेल्या तलावांचें पाणी एकवटून शहरावर कोसळलें.

या आपत्तीनंतर निजाम सरकारनें मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्यांस पाचारण केलें. हे पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरींत नाशिक-खानदेशांत वावरलेले, आणि खडकवासल्याच्या धरणास स्वयंचलित दरवाजे बसविणारे गृहस्थ. १९०९ मध्यें हैदराबादेस आल्यावर त्यांनीं केवळ शहराच्या तटाकडे पाहिलें नाहीं. त्यांनीं नदीचा सारा पाणलोट तपासला. पूर शहरांत अडविण्यापेक्षां वर अडवावा, हा त्यांचा निष्कर्ष. त्याप्रमाणें मुसीवर उस्मानसागर १९२० मध्यें आणि ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ मध्यें पुरा झाला. ज्या पाण्यानें माणसें मारलीं, तेंच पाणी पुढें शहराच्या नळांतून खेळूं लागलें. पहिला प्रश्न, म्हणजे 'पाणी येतें कोठून', इतक्या उत्तम रीतीनें सुटल्याचीं उदाहरणें थोडींच.

आतां दुसऱ्या प्रश्नाचें काय झालें तें पाहा. उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या भोंवतीं दहा किलोमीटरांत पाणी बिघडविणारे कारखाने नकोत, असा हुकूम तेथील सरकारनें १९९६ मध्यें काढला, आणि एका कारखान्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेंही या तलावांच्या रक्षणाची बाजू उचलून धरली. २०२२ मध्यें मात्र तेलंगण सरकारनें ते निर्बंध शिथिल करण्याचा हुकूम काढला. असो. तरीही शहरानें आपल्या वरच्या पाण्याची एवढी काळजी वाहिली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु तीच मुसी शहराच्या खालीं कशी आहे? तेथें तिच्यांत मुख्यतः शहराचें सांडपाणी वाहतें. नलगोंड्याच्या बाजूचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या त्यावर भात आणि गवत पिकवीत आले आहेत, आणि पुढें ती कृष्णेस जाऊन मिळते. शहराच्या वर जी नदी प्राणाप्रमाणें जपली, तीच शहराच्या खालीं मोरी झाली. नदी एक, शहर एक, पण दृष्टि दोन!

यावर आपण हैदराबादेस दोष देऊन मोकळे होऊं शकत नाहीं. उस्मानसागराचें पाणी पुरेना तेव्हां, १९६५ पासून, त्या शहरानें मांजरेचें पाणी नेण्यास आरंभ केला. मांजरा बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते आणि लातूरच्या शिवारांतून, बिदरवरून खालीं जाते. म्हणजे लातूरकर जें ओढ्यांनाल्यांत सोडतात, त्याच्या वाटेवर खालीं हैदराबादेची घागर धरलेली आहे. एका नदीचा खालचा माणूस दुसऱ्या नदीचा वरचा असतो, आणि वरचा कधीं ना कधीं खालचा असतोच. केवळ वरचा असा गोदावरीच्या खोऱ्यांत ब्रह्मगिरीच्या माथ्याखेरीज कोणी नाहीं.

ही दोन दृष्टींची रीत आपल्याकडे शहरांबरोबर आली असें मात्र समजूं नये. ती खेड्यांत फार जुनी आहे. नदीकांठच्या कित्येक गांवीं पाणवठ्यांचा क्रम ठरलेला असे. सर्वांत वर पिण्याचें पाणी, त्याखालीं धुणें, त्याखालीं गुरें. आरोग्याच्या दृष्टीनें एवढ्यापुरता हा क्रम शहाणपणाचा होता. परंतु सर्वांच्या खालचा पाणवठा गांवानें ज्यांना अस्पृश्य ठरविलें त्यांच्या वांट्यास ठेवलेला असे. त्यांनीं भरावयाचें तें पाणी साऱ्या गांवानें वापरून खालीं सोडलेलें. आणि तरीही वरचें पाणी त्यांच्या स्पर्शानें बाटतें, असें साऱ्या गांवानें म्हणावयाचें! पाणी बाटविणारे कोण आणि बाटलेलें पिणारे कोण, हें वाहत्या ओघानेंच उघड सांगितलें असतें. पण तें पाहावयाचें कोणाला नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं महाडास चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, तें या व्यवस्थेला दिलेलें उत्तर होतें. कायद्यानें अस्पृश्यता गेली. परंतु 'खालच्याचें काय व्हावयाचें तें होवो' ही तिच्यामागची वृत्ति गेली कीं नाहीं, याची परीक्षा आजही नदीच्या पाण्यांतच होते.

पाणी बिघडतें म्हणजे नेमकें काय होतें? त्याचे स्थूलमानानें तीन प्रकार सांगतां येतील. पहिला प्रकार घाणीचा. मैला, खरकटें, कारखान्यांतली मळी पाण्यांत पडली कीं सूक्ष्म जंतु ती खाऊन कुजवूं लागतात, आणि त्या कामीं पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खर्च होतो. नदी वाहती असेल आणि घाण थोडी असेल तर पाणी हवेंतून प्राणवायु पुन्हां घेतें व कांहीं अंतरावर निवळतें. 'वाहतें पाणी शुद्ध' या म्हणण्यांत एवढें तथ्य आहे. परंतु घाण फार आणि प्रवाह क्षीण असला, जसा आमच्याकडे होळीनंतर असतो, तर प्राणवायु संपतो, मासे तडफडून वर येतात आणि पात्राला दुर्गंधि सुटते. स्नानाच्या पाण्यांत लिटरमागें निदान पांच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायु असावा, असा आपल्या देशांतील दंडक आहे. दुसरा प्रकार रोगजंतूंचा. पटकी, विषमज्वर, कावीळ हीं दुखणीं मैल्याच्या वाटेनें पाण्यांत येतात, आणि पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसलें तरी त्यांत असूं शकतात. तिसरा प्रकार विरघळलेल्या क्षारांचा. शेतांत घातलेल्या खतांतील पिकानें न घेतलेलें नत्र नायट्रेटच्या रूपानें विहिरींत व ओढ्यांत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत त्याची मर्यादा लिटरमागें पंचेचाळीस मिलिग्रॅम आहे. तें अधिक झालें तर तान्ह्या मुलांच्या रक्ताचें प्राणवायु वाहून नेण्याचें सामर्थ्य घटतें. गृहिणींनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें कीं, पाणी उकळल्यानें जंतु मरतात, पण नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटल्यामुळें त्याचें प्रमाण थोडें वाढतेंच.

खालच्या गांवाला यावर उपाय नाहीं काय? आहे, आणि त्याची साक्ष युरोपांतली एक हकीकत देते. जर्मनींत एल्ब नदीवर हँबुर्ग आणि आल्टोना हीं शहरें एकमेकांस इतकीं लागून होतीं कीं, कांहीं ठिकाणीं रस्त्याची एक बाजू एका शहराची व दुसरी बाजू दुसऱ्याची. हँबुर्ग आपलें पाणी वरच्या अंगानें घेई, म्हणून तें गाळण्याची तांतडी त्याला वाटली नाहीं. आल्टोना खालीं, हँबुर्गची घाण मिसळलेलें पाणी त्याच्या वांट्यास येई, म्हणून तें संथ वाळूच्या थरांतून गाळून घेई. १८९२ मध्यें पटकीची सांथ आली. वरच्या हँबुर्गांत आठ हजारांहून अधिक माणसें मेलीं. खालच्या आल्टोन्यांत त्या मानानें फारच थोडीं. सुप्रसिद्ध जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीं दाखवून दिलें कीं, रस्त्याच्या हँबुर्गकडील बाजूस पटकी होती आणि समोरच्या बाजूस नव्हती. आपण वर आहोंत एवढ्यावर विसंबणें किती घातक आहे, याचा याहून ढळढळीत पुरावा मिळणें कठीण. परंतु याच हकीकतीची दुसरीही बाजू आहे. आल्टोना वांचलें तें हँबुर्गच्या सद्बुद्धीनें नव्हे, स्वतःच्या खर्चानें. ज्या गांवापाशीं वाळूचे थर घालण्याइतका पैसा नसेल त्यानें काय करावें?

हाच प्रश्न आपल्याकडील कायद्याच्या मुळाशीं आहे. महाराष्ट्रानें १९६९ मध्यें जलप्रदूषणाच्या प्रतिबंधाचा कायदा केला व १९७० मध्यें त्यासाठीं मंडळ स्थापिलें. सर्व देशासाठीं १९७४ मध्यें कायदा झाला. शुद्धीकरणाचा भार घाण सोडणाऱ्यानें उचलावा, पिणाऱ्यानें नव्हे, असा या कायद्यांचा रोख आहे. तरीही २०१८ मध्यें केंद्रीय मंडळानें देशांतील दूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तींत एकूण ३५१ पट्ट्यांपैकीं ५३ एकट्या महाराष्ट्रांतले होते; इतके दुसऱ्या कोणत्याही राज्यांत नव्हते. कायदा आहे, पण खालच्या गांवाची आठवण नाहीं, असाच याचा अर्थ.

आतां पुन्हां आसनेच्या पुलावर येऊं. अर्धापूरचे आम्ही लोक नाशिक, पैठणपासूनच्या घाणीबद्दल आणि वरच्या धरणांनीं पाणी अडविल्याबद्दल तावातावानें बोलतों. नांदेड शहर विष्णुपुरीच्या धरणांतून वरचें पाणी घेतें आणि नाल्यांचें पाणी घाटांपाशीं गोदावरींत जाऊं देतें, असेंही आम्ही म्हणतों. आणि शुद्धीकरणाचीं केंद्रें उभारलीं गेलीं असलीं तरी या बोलण्यांत तथ्य उरलें आहे. ज्या घाटांवर गुरु गोविंदसिंगांच्या नगरींत देशोदेशींचे यात्रेकरू स्नानास उतरतात, तेथें तरी असें होतां कामा नये. परंतु आमच्या केळीला दिलेलें जास्तीचें खत, आमच्या गांवच्या गटारांचें पाणी आणि ओढ्यांत टाकलेला कचरा हीं जातात कोठें? आसनेंत; आणि आसनेवर सांगवीस नांदेडकरांची घागर भरते. नांदेडकडे बोट दाखविणारा अर्धापूरकर नांदेडच्या वरचा माणूस आहे, ही गोष्ट मी स्वतः फार वर्षें विसरलों होतों, हें कबूल करतों.

उपाय कांहीं गूढ नाहींत. माथ्यावरच्या माळांवर समपातळींत चर आणि गवत, म्हणजे पाणी मुरेल व नदीला उन्हाळ्यांतही थोडा ओघ राहील. खत एकदम न देतां पिकाला लागेल तसें, ठिबकनें, हप्त्याहप्त्यानें द्यावें. त्यांत शेतकऱ्याचा पैसाही वांचतो. गांवच्या मोरीचें पाणी ओढ्यांत न सोडतां शोषखड्ड्यांत मुरवावें, परंतु तो खड्डा विहिरीपासून दूर असावा. शहरानें आपलें सांडपाणी शुद्ध करून शेतीस व कारखान्यांस द्यावें. आणि शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबानें मोरींत कांहीं ओततांना, संडासाची टाकी उपसणाऱ्याला ती कोठें रिकामी करणार हें न विचारतां पैसे देतांना, क्षणभर थांबावें. नगरपालिकेला 'नळाला पाणी केव्हां येणार' असें आपण नेहमींच विचारतों. 'मोरीचें पाणी कोठें जातें' हेंही त्याच आवाजांत विचारावें.

नांदेडच्या खालीं गोदावरी राज्याची सीमा ओलांडते, कंदकुर्तीस मांजरा तिला येऊन मिळते, आणि मग येतें बासर. तेथें सरस्वतीचें देऊळ आहे. आमच्या भागांतील कितीतरी कुटुंबें मुलाच्या हातून पहिलें अक्षर काढून घेण्यासाठीं तेथें जातात. देवळांत जाण्यापूर्वीं आई त्या लेंकराला नदीवर नेते आणि ओंजळींत पाणी घेऊन त्याचें तोंड धुते. अर्धापूर, नांदेड आणि लातूर या तीनही ठिकाणांहून निघालेलें पाणी त्या ओंजळींत एकत्र झालेलें असतें. खालचें गांव म्हणजे कोणी परकें नव्हे. तेथें आपलींच मुलें जाऊन बसलेलीं आहेत.